मिलिंग मशीनवर पहिला कट घेण्याआधी

मशीन बसवल्यावर कटर लावायची घाई करू नका. आधी हेड, म्हणजे कटर फिरवणारा दांडा (स्पिंडल) असलेला वरचा भाग, टेबलाला काटकोनात आणा. स्पिंडलमध्ये डायल इंडिकेटर (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) धरा, मोटरची वीज तोडा आणि हाताने फिरवत टेबलावर साधारण 200 मिमी व्यासाचं वर्तुळ घ्या. डावी-उजवीकडचा फरक 0.02 मिमीच्या आत आला की पुरे. बोल्ट आवळताना हेड हमखास हलतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासा. मग व्हाइसचा (काम पकडणाऱ्या शिकंज्याचा) स्थिर जबडा तसाच डायलने सरळ करा.

एंडमिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) कोलेटमध्येच, म्हणजे त्याला सगळीकडून आवळणाऱ्या चिरा पाडलेल्या नळीतच, धरा. ड्रिल चक बाजूचा दाब सोसत नाही. टेपरमधून (स्पिंडलमधल्या निमुळत्या बैठकीतून) सुटून कटरसकट खाली येतो.

माइल्ड स्टीलला 10 मिमीचा एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटर असेल तर 800 आरपीएमच्या आसपास ठेवा. चार धारांना मिनिटाला 90-100 मिमी फीड (टेबल सरकवण्याचा वेग) चालतं. फार हळू फीड दिलं तर धार कापण्याऐवजी घासते, तापते आणि बोथट होते.

छोट्या मशीनच्या टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला बॅकलॅश (आट्यांमधला ढिलेपणा) असतोच. म्हणून फीड कटरच्या फिरण्याच्या विरुद्धच द्या, नाहीतर कटर टेबल स्वतःकडे खेचतो आणि दात तुटतात. जो अक्ष हलवायचा नाही तो लॉक करा. बुरा ब्रशनेच काढा, तोही स्पिंडल थांबल्यावर. हातमोजे मात्र अजिबात नकोत.