मॉन्क्टनचे शिक्षण: पीपीएफ मोडावे का?

कॅनडातील मॉन्क्टन येथे मुलीला दोन वर्षांच्या इंग्रजी माध्यमाच्या पदविकेला प्रवेश मिळाला आहे; त्यासाठी १४ लाखांची एफडी आणि १७ लाखांचे पीपीएफ मोडून उरलेले २६ लाख कर्ज घ्यावे का, आणि तिचा फ्रेंचचा वर्ग बंद करून ४० हजार वाचवावेत का, असे आपण विचारले आहे.

आधी आपला तक्ता पाहू. शुल्क १६ लाख, जीआयसी (विद्यार्थी परवान्यासाठी कॅनडातील बँकेत आधीच ठेवायची ठेव) साडेचौदा, दोन वर्षांचे भाडे व जेवणखाण २४, तिकीट, विमा आणि थंडीचे कपडे अडीच, असे एकूण ५७ लाख आपण मांडले आहेत. परंतु जीआयसीचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर हा खर्च नव्हे. तिथे पोहोचल्यावर ती रक्कम हप्त्याहप्त्याने तिलाच परत मिळते आणि पहिल्या वर्षाचे भाडे त्यातूनच जाते. एकच रक्कम दोनदा धरली गेली आहे. खरी गरज साडेबेचाळीस लाखांची आहे.

म्हणजे एफडी मोडून साडेअठ्ठावीस लाखांचे कर्ज घेतले, तर पीपीएफला हात लावावा लागत नाही. साडेदहा टक्क्यांच्या कर्जापुढे पीपीएफचे ७.१ टक्के व्याज कमी दिसते हे खरे. पण ते करमुक्त आहे, आणि वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेमुळे निवृत्तीपर्यंतच्या सहा वर्षांत आपण फार तर ९ लाखच परत भरू शकाल. शिवाय बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या पैशांवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) लागत नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरातील वजावट मात्र जुन्या करप्रणालीतच मिळते.

कर्जावर सही करण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. हा पदवी अभ्यासक्रम नसल्याने, शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यासाठी त्याचा विषय कॅनडा सरकारच्या यादीत असावा लागतो. नसेल, तर हे कर्ज मी घेऊ देणार नाही.

फ्रेंचचा वर्ग मात्र बंद करू नये. मॉन्क्टन ज्या प्रांतात आहे तो न्यू ब्रन्सविक हा कॅनडातील एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत आहे, आणि मॉन्क्टनने २००२ मध्ये स्वतःला द्विभाषिक शहर घोषित केले. तिथे बँकेच्या खिडकीवर, रुग्णालयाच्या स्वागतकक्षात किंवा कॉल सेंटरमध्ये दोन्ही भाषा येणाऱ्याचा अर्ज आधी उचलला जातो. एक्सप्रेस एन्ट्रीतही (कायम निवासासाठी अर्जदार निवडण्याची कॅनडाची पद्धत) २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी स्वतंत्र फेऱ्या होतात. त्यासाठी चारही भाषाकौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची सातवी पातळी, म्हणजे ढोबळमानाने युरोपीय मोजपट्टीवरची बी२, लागते. आपली मुलगी तिच्या एक पायरी खाली, बी१ वर आहे. (तिथली शियाक ही फ्रेंचची बोली इंग्रजीमिश्रित असल्याने वर्गातले फ्रेंच सुरुवातीला अपुरे वाटेल, ते वेगळे.) कायम निवास गृहीत धरून मात्र हिशेब करू नये.

टीईएफ ही फ्रेंचची परीक्षाही आत्ता देऊ नये. तिचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो, आणि कायम निवासाच्या अर्जासाठी तो तिला अभ्यासक्रम संपवून वर्षभर नोकरी केल्यानंतर लागेल.