मला व्हायरल ताप-खोकला आहे, बाळ अडीच महिन्यांचं आहे, अंगावर पाजू का आणि गोळी कुठली घेऊ?

पाजा. बंद अजिबात करू नका.

आता हे मी एवढं ठासून का सांगतेय ते ऐका. माझा मुलगा दोन महिन्यांचा होता, गणपतीचे दिवस, आमचं घर मालवणजवळ, चाकरमानी आले की घरात पाय ठेवायला जागा नसते. मुंबईहून आतेसासूबाई आल्या त्याच खोकत, गाडीत वारं लागलं म्हणे. तिसऱ्या दिवशी मला १०२ ताप, अंग ठणकतंय, नाक बंद. झालं, त्यांनी लगेच जाहीर केलं, "तापातला दूध पोराक बाधता", आणि पोराला उचलून ओटीवर नेलं, पावडरचं दूध सुरू. खोकणारी बाई पोराला मांडीवर घेऊन पापे घेतेय आणि आई आतल्या खोलीत कोंडलेली! नवरा आरतीचे टाळ शोधत होता, त्याला काही ऐकूच आलं नाही.

संध्याकाळपर्यंत छाती दगडासारखी, गाठी आल्या, हात लावू देईना. ताप सर्दीचा की दुधाचा तेच कळेना. पोरगं बाटली घेईना, नुसतं रडतंय. दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीतली आशाताई (गावातली आरोग्याची आशा कार्यकर्ती) गणपती बघायला आली, तिने आतेसासूबाईंसमोरच सांगितलं, अहो हिला ताप यायच्या आधीपासूनच पोर हिच्या कुशीत आहे, जंतू पोचायचे ते कधीच पोचले, आता त्या तापाशी लढणारी अँटीबॉडी हिच्या दुधातनंच पोराला मिळणार, तीच तुम्ही बंद केलीत. सर्दीचा व्हायरस शिंकेतून, हातातून जातो, दुधातून नाही. तेव्हा कुठे पोर माझ्याकडे आलं.

तर पाजताना मास्क लावा, त्याआधी साबणाने हात धुवा, तोंडाजवळ तोंड नेऊ नका. उठवतच नसेल तर दूध पिळून द्या, पाजायचं काम मग घरातल्या न खोकणाऱ्या माणसाला द्या (आमच्याकडे तसं कोणी उरलं नव्हतं). पेज, कुळथाचं पिठलं, गरम पाणी सतत पोटात जाऊ दे, तापात पाणी कमी पडलं की दूधही कमी वाटतं आणि मग लोकांना पुन्हा बोलायला कारण.

गोळीचं म्हणाल तर मला पॅरासिटामॉल दिली होती, पाजताना ती चालते, आयबुप्रोफेनही चालते. मेडिकलवाला देतो त्या सर्दीच्या मिक्स गोळ्या नको, त्यात बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच म्हणजे डबल डोस, आणि नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने दूध कमी होतं. कोडीनवालं खोकल्याचं औषध आणि अ‍ॅस्पिरिन नकोच. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, कोणी कितीही आग्रह करू दे.

हां, मी डॉक्टर नाही. तुम्हाला दम लागला, ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा छातीवर लाल तापलेला चट्टा आला तर दवाखाना गाठा. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे, त्याला १००.४ किंवा जास्त ताप आला, श्वास भराभर चालला, छाती आत ओढली गेली किंवा प्यायचंच सोडलं तर त्याच क्षणी न्या, रात्र असली तरी, घरी धुरी-काढा करत बसू नका.

आणि तुमच्याकडे कोण बंद करा म्हणतंय? सासूबाई असतील तर वाद घालू नका, आशाताईला किंवा सिस्टरला घरी बोलवा. सुनेचं कोण ऐकत नाही. आमच्या आतेसासूबाई अजून सांगतात की पोराला त्या वर्षी सर्दी झाली नाही ती त्यांच्या पावडरीमुळे.