ऑक्सिजन सेन्सर स्वतः बदलावा की गॅरेजला द्यावा?

तुम्ही लिहिलंय की २०१५ची पेट्रोल गाडी आहे, चेक इंजिनची लाइट लागलीये, गॅरेजवाला म्हणतो ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी-जास्त करायला सांगणारा) गेलाय, नऊ हजार होतील, आणि यूट्यूबवर बघितलं तर एक नट सोडवण्याएवढंच काम दिसतंय. काम तेवढंच आहे, खोटं नाही. पण नटाला हात लावायच्या आधी सेन्सर खरंच गेलाय का ते बघा, कारण माझे पैसे पहिल्यांदा तिथेच वाचले.

माझी पुण्यातली छोटी हॅचबॅक, ऐन पावसाळ्यात लाइट लागली, अ‍ॅव्हरेज सोळावरून तेरावर. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०१३५ हा बिघाडाचा कोड आला, लगेच "सेन्सर बदला". आता पी०१३५ म्हणजे पुढच्या (इंजिनजवळच्या) सेन्सरच्या हीटरचं सर्किट, सेन्सर गेला असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. हा सेन्सर साधारण तीनशे अंशाच्या पुढे तापला तरच काम करतो, सायलेन्सर गरम होईपर्यंत थांबायला नको म्हणून आत छोटा हीटर असतो, आणि त्याची तक्रार फ्यूज उडाला तरी येते, वायर तुटली तरी येते. मी गाडी घरी आणली, फ्यूज बघितला, ठीक होता. कपलर (वायरींचा प्लग) काढून सेन्सरच्या बाजूच्या दोन सारख्या रंगाच्या वायरींना मीटर लावला तर सहा-सात ओहम, म्हणजे हीटर जिवंत. मग वायर हाताने चाचपत मागे मागे गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली शेंगदाण्याची टरफलं, थोडा कापूस आणि कुरतडलेली वायर! उंदीरमामा. जोडून घेतलं, खर्च शंभरच्या आत, तो सेन्सर पुढे अडीच वर्षं चालला. (जोडताना सोल्डर मारू नका, क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत घालून पकडीने दाबा. या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि बऱ्याच सेन्सरांत ती वायरच्या आतूनच जाते, सोल्डरने ती वाट बंद होते.)

म्हणून आधी पाच-सातशेचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, मोबाइलला जोडा आणि कोड स्वतः वाचा. पी०१३०च्या आसपासचे कोड पुढच्या सेन्सरचे, पी०१३६ ते पी०१४१ मागच्या म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरच्या (धूर स्वच्छ करणारा डबा) सेन्सरचे. पी०४२० आला आणि कोणी मागचा सेन्सर बदला म्हणालं तर थोडं थांबा, तो कोड कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगतो, आणि ते कळवणाऱ्यालाच बदलून भागत नाही बहुतेक वेळा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, तिथे आधी फाटलेला व्हॅक्यूम पाइप शोधा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर त्याची वायर सेन्सरच्या वायरला जोडलेली असू शकते, तो जोडही बघून घ्या.

लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनचे आकडे स्कॅनरवर बघता आले तर उत्तमच. चार वायरींचा साधा सेन्सर असेल तर इंजिन गरम झाल्यावर पुढच्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या मध्ये सारखं वरखाली नाचतं. माझं अडीच वर्षांनी एकदम आळसावलं, वर गेलं की खाली यायला वेळ, कोड पी०१३३. तेव्हा मात्र सेन्सरच गेला होता. नवीन बीएस६ गाड्यांत बऱ्याचदा जास्त वायरींचा वेगळा सेन्सर असतो, त्याला हा हिशोब लावू नका. आणि खरंच गेला असेल तर महिनोन्महिने ढकलूही नका, पेट्रोल जास्त जात राहिलं तर कन्व्हर्टर खराब होतो आणि त्याचा आकडा ऐकून हा सेन्सर स्वस्त वाटायला लागतो.

तर पुढचा सेन्सर बॉनेट उघडल्यावर मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या पाइपांवर) समोर दिसत असेल तर बिनधास्त स्वतः करा. मी पार्ट नंबर घेऊन नाना पेठेत गेलो, गॅरेजने सांगितलेल्याच्या निम्म्यात मिळाला. तिथे "युनिव्हर्सल घ्या, वायर जोडली की झालं" असंही सांगतात, ते ऐकू नका. बॉशच्या सेन्सरमध्ये काळी वायर सिग्नलची आणि दोन पांढऱ्या हीटरच्या, डेन्सोमध्ये निळी सिग्नलची आणि दोन काळ्या हीटरच्या, रंगाला रंग जोडत बसलात की घोळ झालाच. आपल्याच कपलरचा घ्या.

आदल्या रात्री आट्यांवर गंज सुटायचं तेल मारून ठेवलं. सकाळी इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं, दहा मिनिटं थांबलो, म्हणजे लोखंड कोमट असतं, आटे सुटतात आणि हातही भाजत नाही (हातमोजे तरी घालाच). पाना बावीसचा. उघड्या तोंडाचा लावला तर षटकोन घसरून गोल होतो, रिंग पानाच पाहिजे, आणि रिंग पाना कपलरवरून जात नाही. मी पंधरा मिनिटं तिथे कसरत केली मग डोक्यात आलं की अरे हा सेन्सर फेकायचाच आहे, वायर कापली कटरने, पाना वरून घातला, एक झटका, सुटला. नवीन आधी पूर्ण हाताने फिरवत बसवा, तिरका लागला तर तिथेच थांबा. आट्यांना ग्रीस बहुतेक लावूनच येतं, नसेल तर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा पण टोकाला लागू देऊ नका, सिलिकॉनचा स्प्रे तर जवळही नको. टॉर्क पाना असेल तर ४०-४५ न्यूटन मीटर. वायर सायलेन्सरपासून लांब क्लिपमध्ये अडकवा, कोड पुसा, झालं.

गाडीखालचा मागचा सेन्सर मात्र गॅरेजला द्या. माझ्या मेहुण्याची गाडी रत्नागिरीची, खारी हवा, सगळं गंजलेलं, आणि मी एकदा जमलंय या भरवशावर खाली घुसलो. सेन्सर निघाला पण आटे सोबत घेऊन निघाला. मग गाडी तशीच भकभकत गॅरेजला, पाइप उतरवून तुकडा वेल्ड करून परत आटे पाडले, अडीच हजार. नुसतं बदलायची मजुरी सहाशे सांगितली होती. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर चुकूनही जाऊ नका, स्टँड पाहिजेतच.

गाडी वॉरंटीत असती तर हात लावू नका म्हटलं असतं, पण २०१५ची आहे तर तो प्रश्नच नाही. त्या नऊ हजारांत सेन्सरचे किती आणि मजुरी किती ते वेगळं विचारा, कोड कुठला आला तो कागदावर लिहून घ्या, आणि त्यांच्याकडेच करायचं ठरलं तर जुना सेन्सर हातात परत मागा.