वडिलांच्या पार्किन्सन्ससाठी आता डीबीएस (मेंदूत तार घालून करंट द्यायचं ऑपरेशन) करून घ्यावं, की मस्कच्या न्यूरालिंकच्या मेंदूतल्या चिपसारखं काही नवीन येईपर्यंत थांबावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, "मोठा भाऊ म्हणतो दोन वर्षं थांबू, तोवर चिप येईल", ते वाचलं आणि माझी तव्यावरची पोळी करपली. म्हणून लिहितेय, नाहीतर मी इथे नुसती वाचणारी.

तुमचे वडील ६७, आजार नऊ वर्षांचा, सिंडोपा (पार्किन्सन्सची गोळी) दिवसातून सहा वेळा. आमच्याकडे २०१९ ला जवळजवळ हेच होतं.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, ३१ वर्षं. जुन्या बसने फिरलेल्यांना तो पंचचा टिकटिक आवाज आठवत असेल, तिकीट द्यायचं नसलं तरी यांची बोटं चालूच. नेमकी तीच उजव्या हाताची बोटं आधी गेली. रिटायर झाल्यावर वर्षभरात अक्षर मुंगीएवढं झालं आणि बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. पुढे ते ऑन-ऑफ सुरू झालं, गोळी चढली की दोन तास माणूस बरा, उतरली की पुतळा. आणि गंमत बघा, चाळीचे तीन जिने चढून यायचे पण घराच्या उंबरठ्यावर पाय चिकटायचे. शेजाऱ्यांना वाटायचं म्हातारा नाटकं करतोय. पायरी डोळ्यांना दिसते आणि पाय तिच्या मागे जातो, सपाट फरशीवर तसं धरायला काही नसतं, हे मला फार नंतर कळलं. आईने मग घरभर लाल टेपच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यांच्यावरून चालायचे.

२०१९ च्या सुरुवातीला न्यूरोलॉजिस्टने डीबीएस सुचवलं. मी तयार होते. पण गोळ्यांच्या वेळा, डबा, ओपीडीची लाइन हे माझं आणि निर्णय दादाचा, कारण तो मोठा, त्यात मुलगा, त्यात हिंजवडीत आयटीत. जुलैमध्ये त्याने मस्कचं ते प्रेझेंटेशन बघितलं आणि घरच्या ग्रुपवर लिंक टाकली, पुढच्या वर्षाअखेरपर्यंत माणसांवर ट्रायल सुरू करणार म्हणतायत, हे मेंदूत तारा घालायचं जुनं ऑपरेशन कशाला? आई म्हणाली त्याला त्यातलं कळतं. झालं. मग लॉकडाऊन, मग पैशांची जुळवाजुळव, आमचं ऑपरेशन झालं जानेवारी २०२२ ला. आणि न्यूरालिंकची चिप पहिल्या माणसाला बसली जानेवारी २०२४ ला, तीही मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाला, विचाराने कर्सर हलवता यावा म्हणून. पार्किन्सन्सचा त्यात संबंधच नव्हता!

ही दोन वेगळी कामं आहेत हो. ती चिप मेंदूच्या वरच्या थरातले सिग्नल वाचते, केसाहून बारीक ६४ धागे आणि त्यावर १०२४ इलेक्ट्रोड. डीबीएस वाचत बसत नाही, करंट देतं, खूप आत, सबथॅलॅमिक न्यूक्लियस म्हणून वालाच्या दाण्याएवढा भाग आहे तिथे, सेकंदाला साधारण १३० वेळा. बाबांनी हे एका वाक्यात निकालात काढलं, "म्हणजे एक मीटर वाचायला आलेला आणि एक फ्यूज बसवायला आलेला." (बेस्ट वीजही देते, त्यामुळे त्यांना सगळं तसंच दिसतं.)

आणि "जुनं" म्हणजे किती जुनं? १९८७, फ्रान्समधलं ग्रेनोबल, बेनाबिड नावाचा सर्जन. तेव्हा हाताचा कंप थांबवायला मेंदूच्या आतल्या थॅलॅमस नावाच्या भागातला एक ठिपका जाळायचे आणि जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे बघायला थोडा करंट द्यायचे. याच्या लक्षात आलं की करंट सेकंदाला १०० वेळांच्या आसपास नेला की न जाळताच कंप थांबतो. मग तारच आत ठेवून दिली. अमेरिकेत पार्किन्सन्ससाठी मान्यता मिळाली २००२ ला. माझ्या बाबांच्या डोक्यात काही घालायचंच असेल तर मला जुनंच पाहिजे. नव्याचं काय होतं ते आर्गस टू वाल्यांना विचारा, अंधांसाठीचं डोळ्यातलं इम्प्लांट, साडेतीनशेच्या वर लोकांनी बसवून घेतलं, आणि २०२० च्या सुमारास कंपनीच गाळात गेली. डोळ्यात यंत्र आहे, बिघडलं तर दुरुस्त करणारं कोणी नाही.

ऑपरेशनचं सांगते, कारण तुमची भीती तीच दिसतेय. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद, लक्षणं दिसायला हवीत म्हणून. डोक्याला चौकट, चार स्क्रू, तेवढी जागा बधिर केलेली, माणूस जागा. मेंदूला स्वतःला दुखत नाही. ड्रिलचा आवाज मात्र येतो, बाबा म्हणाले शेजारच्या खोलीत लाद्या कापतायत असं वाटतं. मग बारीक इलेक्ट्रोड आत जाताना स्पीकरवर पेशींची खरखर ऐकू येते, स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी, आणि योग्य जागी ती एकदम वाढते. मग डॉक्टर म्हणाले, अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटा. पंच मारायचीच ती हालचाल! करंट दिल्यावर बोटं सुटली आणि बाबांना थांबवेना. नंतर बोलणं तपासायला आठवड्याचे वार म्हणायला सांगितले तर यांनी स्टॉप सुरू केले, हिंदमाता, परळ टीटी, भारतमाता, लालबाग, चिंचपोकळी. भायखळ्याला जीभ जड झाली, म्हणजे करंट जास्त झाला, तो कमी केला. मी आत नव्हते, हे सगळं बाबांच्या तोंडून, आणि दर वेळी एखादा स्टॉप वाढतो.

एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती, तुम्हाला सांगून ठेवते. तारेला करंट देणारं मशीन चालू करायच्या आधीच चार दिवस हात एकदम शांत होता, आईने पेढे वाटले, आणि दहाव्या दिवशी कंप परत. घरात रडारड. तार आत गेल्यामुळे तिथे थोडी सूज असते, हा तिचा तात्पुरता परिणाम, खरं मशीन महिन्याभराने चालू करतात आणि मग सेटिंग जमेपर्यंत फेऱ्याच फेऱ्या.

आज कंप नाही, सिंडोपा सहाची तीनवर आली, शर्टाची बटणं स्वतः लावतात. पण तोल आणि आवाज गेला तो गेला. २०१९ ला दोन्ही ठीक होतं. डीबीएस या दोन गोष्टींना फारसा हात लावत नाही, आवाज तर कधीकधी आणखी बिघडवतं. दादा म्हणतो तोल तसाही गेलाच असता, आजार थांबतो थोडाच. ते खरं आहे, डीबीएसने आजार थांबत नाही. पण ती तीन वर्षं बाबा एकटे गणपती बघायला खाली उतरू शकले असते, त्याचं काय?

तर तुमचं. गोळी घेतल्यावर वडील चांगले सुटतात का, हे बघा. गोळीने जे सुधारतं तेच साधारण डीबीएसने सुधारतं, गोळीचा उपयोगच होत नसेल तर बहुतेक नाहीच म्हणतील. विसरभोळेपणा, भास असतील तर आधी ते स्पष्ट सांगा, लपवू नका. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, कमी जणांना होतो पण होतो, इन्फेक्शन झालं तर तार काढावीही लागते. आमचा खर्च साडेअकरा लाखांच्या पुढे गेला.

आणि ऑपरेशन झाल्यावर, अंगात यंत्र आहे हे सांगणारं कार्ड कायम खिशात ठेवा. मेट्रोच्या दारात मेटल डिटेक्टरच्या फ्रेममधून न जाता कार्ड दाखवून हाताने तपासून घ्यायचं. एमआरआय डॉक्टरांना न विचारता परस्पर नाही. आणि फिजिओकडे शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक कधीही, कधीही नाही, तारेतून उष्णता थेट मेंदूत जाते, माणूस जाऊ शकतो. आमच्या गल्लीतल्या फिजिओने खांद्यासाठी मशीन लावायला घेतलं होतं, मी बाहेर चप्पल काढत होते तशीच ओरडत आत गेले.

आता बाबांच्या मशीनची बॅटरी उतरत आलीय, यंदा बदलायचीय. दादाला चार्जिंगवाली हवी, पुन्हा पुन्हा ऑपरेशन नको म्हणून. ती चार्ज कोण करणार ते त्याने अजून सांगितलेलं नाही. काल ग्रुपवर लिंक टाकलीय, मी अजून उघडलेली नाही.