एक्स(टी) आणि एक्स[एन]: फरक नुसत्या कंसाचा नाही

तू विचारलंयस की अ‍ॅनालॉग सिग्नल एक्स(टी) आणि डिजिटल एक्स[एन] असा लिहितात, मग गोल कंसाचा चौकोनी केला की झाला का डिजिटल? नाही झाला. हे आत्ताच नीट समजून घे, पुढचं अख्खं पीसीएम (पल्स कोड मॉड्युलेशन, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवायची पद्धत) यावर उभं आहे.

एक्स(टी) मध्ये टी म्हणजे वेळ, ती कुठलीही घे, तिथे व्होल्टेज आहेच, आणि ते रेंजमधलं कितीही असू शकतं. आता फोनवरचा आवाज बघ. ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच बँड ठेवतात आणि सेकंदाला ८००० सॅम्पल घेतात (त्या त्या क्षणाचं व्होल्टेज मोजून ठेवतात), म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदाला एक, हे झालं एक्स[एन], एन म्हणजे कितवं सॅम्पल, म्हणून फक्त पूर्णांक. पण इथे तुटक झाली ती फक्त वेळ, किंमत अजून ०.७३१८ वगैरे काहीही येऊ शकते, म्हणून याला डिस्क्रीट टाइम म्हणायचं, डिजिटल नाही. आणि मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं ते इथेच आहे, सिग्नल ४००० हर्ट्झच्या आत असेल तर दोन सॅम्पलच्या मधलं सगळं टाकून दिलं तरी गणिताने ते जसंच्या तसं परत मिळतं! इन्फर्मेशन थिअरीचा जनक क्लॉड शॅननच्या १९४९ च्या पेपरात याचं प्रूफ आहे, खरंच वाच.

हरवतं ते पुढच्या स्टेपला, क्वांटायझेशनमध्ये. ८ बिट म्हणजे २५६ लेव्हल, प्रत्येक सॅम्पल जवळच्या लेव्हलला बसवायचं, त्यात जी एरर राहते ती नंतर काढता येत नाही. एक बिट वाढवला की सिग्नल टू नॉइज, म्हणजे या एररच्या तुलनेत सिग्नल किती मोठा ते, साधारण ६ डेसिबलने सुधारतो. ८००० गुणिले ८, म्हणून फोनचे सेकंदाला ६४ किलोबिट.

आणखी एक, हे बरेचदा घाईत उरकलं जातं. वायरमधून आकडे जात नाहीत, जातो तो परत वेव्हफॉर्मच: प्रत्येक बिटसाठी +१ किंवा −१ गुणिले एक पल्स, आणि अशा सरकवलेल्या पल्सची बेरीज. म्हणजे तोही टी चाच फंक्शन. मग फरक काय? आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीचा ५५८ किलोहर्ट्झचा एएम (अ‍ॅनालॉग रेडिओ) सिग्नल म्हणजे [१ + एम(टी)] गुणिले कॉस(२ पाय एफसी टी), एम(टी) म्हणजे आवाज आणि एफसी म्हणजे ते ५५८ किलोहर्ट्झ, यात नॉइज मिसळला की तो आवाजातच ऐकू येतो कारण रिसीव्हरला आकारच हवाय. डिजिटलमध्ये रिसीव्हर फक्त ठरवतो, +१ की −१, +०.६ आलं तरी +१ च धरतो.

आता कागदावर एक कर. १ किलोहर्ट्झची कोसाइन ८ किलोहर्ट्झने सॅम्पल कर, मग ७ किलोहर्ट्झची तशीच कर. दोन्हीचे आकडे अगदी सेम येतील, ४००० ची अट कशासाठी ते तिथेच दिसेल.