विंडोज नव्याने टाकताना दर वेळी मध्येच एरर येतो. दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क गेली. खरंच बदलावी लागेल का?

हार्ड डिस्क आज विकत घेऊ नका. आधी रॅमची, म्हणजे चालू कामाच्या मेमरीची, एक स्टिक (पट्टी) काढा आणि उरलेल्या एकीवर विंडोज पुन्हा टाकून बघा.

तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉप सात-आठ वर्षांचा आहे, रॅमच्या दोन स्टिक आहेत, पेन ड्राइव्हवरून तीनदा प्रयत्न केला. एकदा २८ टक्क्यांवर थांबलं, एकदा ६१ वर, एकदा ११ वरच. दर वेळी ‘फाइल खराब किंवा गहाळ असू शकते’ असा निरोप आणि शेवटी ८००७०५७० हा आकडा. तुमच्या प्रश्नात कामाचं वाक्य हे टक्क्यांचंच आहे आणि दुकानदाराने नेमकं तेच ऐकून घेतलेलं दिसत नाही. पेन ड्राइव्हमधली फाइल खराब असेल तर गाडी साधारण त्याच जागी अडते, कारण खराब तुकडा तिथेच बसलेला असतो. जागा दर वेळी बदलत असेल तर पहिला संशय रॅमवर घ्यायचा. विंडोजच्या सगळ्या फाइल्स एका मोठ्या फाइलीत दाबून भरलेल्या असतात. त्या रॅममध्ये उलगडल्या जातात आणि मग डिस्कवर जातात. रॅमच्या एखाद्या कोपऱ्यात एक बिट जरी उलटं पडलं तरी हिशेब जुळत नाही आणि इन्स्टॉलर फाइलवर खापर फोडून मोकळा होतो. रोजच्या वापरात त्या कोपऱ्याला हात कमीच लागतो, म्हणून जुनं विंडोज त्याच रॅमवर वर्षानुवर्षं चालतं. कधीमधी एररचा निळा स्क्रीन येतो, आपण पुन्हा चालू करतो आणि विसरून जातो.

हे मी कुठे वाचून सांगत नाहीये. आमच्या घरी हे झालंय, आणि त्यात बाबांचं नऊ वर्षांचं काम जाता जाता राहिलं.

आम्ही इंदूरचे, राजेंद्र नगरात राहतो. बाबा निवृत्त झाल्यापासून इथल्या जुन्या मराठी घरांच्या हकिकती गोळा करत होते. होळकरांच्या पदरी कोण कसं आलं, कुणाचा वाडा कुठे होता, कुणाच्या घरी अजून कोणती मोडी कागदपत्रं आहेत, असं सगळं. घरोघरी जाऊन, चहा पिऊन, वहीत उतरवून आणायचं आणि रात्री कॉम्प्युटरवर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचं. दोनशेच्या वर पानं झाली होती. २०२० च्या गुढीपाडव्याला मंडळाच्या स्मरणिकेत त्यातला पहिला भाग छापायचा ठरला होता.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. पुण्याला आयटीत असलेल्या दादाचा फोन आला, ‘आता सात वापरू नका, सरळ फॉर्मॅट मारून दहा टाका.’ मी विचारलं, बाबांच्या फाइल्सचं काय? दादा म्हणाला, ‘त्या डीमध्ये आहेत ना? फक्त सी फॉर्मॅट होतो. डीला काही होत नाही.’ (सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कचे दोन कप्पे; सीमध्ये विंडोज, डीमध्ये बाबांच्या फाइल्स.) दादाचं हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. तो आज म्हणतो की मी बॅकअप घ्या असंही सांगितलं होतं. नव्हतं सांगितलं.

मी घरी टाकायला बसले. पहिल्यांदा ४३ टक्के, दुसऱ्यांदा १२. हा ८००७०५७० तेव्हापासून माझ्या ओळखीचा आहे. मला शाळेचे निकाल लावायचे होते, म्हणून सीपीयू उचलून जेल रोडवरच्या एका दुकानात दिला. सांगताना दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या: डीला हात लावायचा नाही, आणि दर वेळी वेगळ्या टक्क्यांवर थांबतंय. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘मॅडम, आप छोड़ दो, हम देख लेंगे।’

संध्याकाळी फोन. ‘हार्ड डिस्क गई। नई डलवा लो।’ तीन हजार दोनशे रुपये. मी हो म्हटलं, कारण दादानेही फोनवर तेच सांगितलं, सात वर्षांची डिस्क, गेलीच असणार. दुसऱ्या दिवशी नव्या डिस्कवर इन्स्टॉल ७८ टक्क्यांवर थांबलं. तोच आकडा. कोरी करकरीत डिस्क, पहिल्याच दिवशी तोच एरर, आणि तरी दुकानदार म्हणे पीस डिफेक्टिव आला असेल. मी सीपीयू, नवी डिस्क आणि जुनी डिस्क, सगळं घरी घेऊन आले.

कॅबिनेट उघडलं. दोन स्टिक होत्या, चार-चार जीबीच्या. एक मूळची, एक नंतर घातलेली. दोघींवर धूळ इतकी की कंपनीचं नाव वाचता येईना. नंतर घातलेली काढली, मूळच्या स्टिकच्या सोनेरी दातांवरून मुलाचा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा बसवली, दोन्ही बाजूंच्या कड्या टक् करून लागल्या. पेन ड्राइव्ह मागच्या पोर्टात. पंचवीस मिनिटांत विंडोज १० टाकून सुरू झालं. मग हट्टाने दुसरी स्टिक एकटी लावून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं साधन चालवलं. पहिल्या फेरीतच चुकांच्या लाल ओळींचा पाऊस. दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर, ‘अच्छा, असं पण होतं.’

इथवर मी जिंकले होते. मग जुनी डिस्क दुसऱ्या केबलने लावली आणि पाहिलं तर डी नव्हताच. सगळा मिळून एकच मोठा, जवळजवळ रिकामा कप्पा.

का ते नंतर कळलं, आणि हे तुमच्याही कामाचं आहे, कारण तुमची डिस्कही जुन्या पद्धतीची असेल तर तुम्हालाही पुढे सांगते तो निरोप दिसू शकतो. विंडोज ७ जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर ही जुनी मांडणी असलेल्या डिस्कवर टाकलेलं होतं. दुकानातल्या मुलाने पेन ड्राइव्ह यूईएफआय, म्हणजे कॉम्प्युटर चालू करायच्या नव्या पद्धतीने चालू केला. तसं केलं की विंडोज म्हणतं, या डिस्कवर एमबीआर आहे, इथे टाकता येणार नाही, जीपीटी ही नवी मांडणी हवी. यावर साधा उपाय होता: बूट मेन्यूत, म्हणजे कॉम्प्युटर कशावरून चालू करायचा ते विचारणाऱ्या यादीत, तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला आणि एकदा नुसता. नुसता निवडायचा. डिस्कला काही न करता काम पुढे जातं. ते न करता त्या मुलाने डिस्कपार्ट हे विंडोजचं डिस्क मांडायचं साधन उघडून क्लीन आणि कन्व्हर्ट जीपीटी मारलं. क्लीन ही आज्ञा सी आणि डी असा भेद करत नाही. ती अख्ख्या डिस्कची मांडणी पुसते, तीही विचारल्याशिवाय.

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वह्या माळ्यावरून काढल्या आणि पहिल्या पानापासून तारखा लावत बसले. ते बघवत नव्हतं.

ती डिस्क दुकानदाराने ‘एक्सचेंज में दे दो, तीन सौ कम कर दूँगा’ म्हणत मागितली होती. मी दिली नाही, एवढंच नशीब. मार्चात पाडव्याच्याच दिवशी लॉकडाउन सुरू झाला, स्मरणिका राहिली, आणि मला वेळ मिळाला. टेस्टडिस्क नावाचं फुकटचं साधन आहे, काळ्या पडद्यावर अक्षरं, माऊसचं काम नाही. डिस्कवर नवीन काही न लिहिता त्याने आधी वरवर शोधलं, काही नाही. मग खोल शोध लावला, रात्रभर. सकाळी यादीत जुन्या डीचं नाव होतं. सुरुवातीच्या भागावर अर्धवट विंडोज लिहिलं गेलं होतं, पण डी त्याच्या बराच पुढे होता म्हणून वाचला. फाइल्स नव्या डिस्कवर उतरवून घेतल्या. उघडल्या तर पान भरून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा, कारण श्रीलिपीचे फॉन्ट जुन्या सीबरोबर गेले होते आणि ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणारे, नाहीत. लॉकडाउन उठल्यावर प्रेसवाल्या काकांकडे जाऊन त्यांच्या श्रीलिपीत एकेक फाइल उघडून पीडीएफ करून आणल्या.

आणि त्या डिस्कची तब्येत? क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या साधनात ठणठणीत. ०५ आणि सी५ या दोन ओळी बघायच्या, खराब म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे) आणि बदलाच्या वाटेवरचे सेक्टर. दोन्हीकडे शून्य. तीच डिस्क आजही बाबांच्या कॉम्प्युटरला बॅकअपसाठी लावलेली आहे.

म्हणून तुम्हाला आणि दादालाही सांगते: ‘डीला काही होत नाही’ हे वाक्य चूक आहे. विंडोज स्वतः डीला हात लावत नाही, हे खरं. पण एरर आला की कीबोर्डवरचा माणूस लावतो, आणि नव्याने टाकताना एरर येतोच. ज्या डिस्कवर जपायचं काही आहे तिची केबल काढून ठेवायची. एकच डिस्क असेल तर आधी दुसरीकडे उतरवायचं, आणि फॉन्टचं फोल्डरही. त्यानंतर हवं ते फॉर्मॅट करा.

थोडं राहिलंच. एका स्टिकवरही थांबलं तर ती बदलून दुसरी एकटी लावून बघा, मग सॉकेट (स्टिक बसते ती खाच) बदला. दोन्हींवर अडलं तर दुसरा पेन ड्राइव्ह घ्या आणि आयएसओ, म्हणजे विंडोज टाकायची फाइल, पुन्हा उतरवा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो. तिथे सी५ मध्ये आकडा असेल तर दुकानदार बरोबर आहे, डिस्क बदला, मी चुकले म्हणेन. एमबीआरची डिस्क न पुसता जीपीटी करायचं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन विंडोज १० मध्येच आहे, पण डिस्कवर दहा असेल तरच वापरा, सात असेल तर नको.

दहा टाकू की अकरा, हे तुम्ही विचारलंय. दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असेल आणि प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर अकराच टाका. त्याला यूईएफआय लागतं, म्हणजे वरची बूट मेन्यूतली युक्ती तिथे चालणार नाही.

हे सगळं डेस्कटॉपचं. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत रॅम बोर्डावर चिकटवलेली असते, तिथे मेमटेस्ट८६ चालवणं एवढंच हातात. आणि लॅपटॉपवर डिस्कच दिसत नसेल तर ती बहुतेक इंटेलच्या व्हीएमडी ड्रायव्हरची भानगड आहे, तिचं या उत्तरात काही नाही.

एक स्टिक काढून कितीपर्यंत गेलं ते इथेच लिहा.