‘आब्लार’ पाठ आहे, पण बोलता येत नाही

प्रश्न : मी नाशिकला राहते, बँकेतून निवृत्त झाले आहे. मुलगी, जावई आणि नात मेक्सिकोत मॉन्टेरेला असतात. हिवाळ्यात तिकडे जायचं आहे म्हणून स्पॅनिशचा ऑनलाइन वर्ग लावला. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, या क्रियापदाचा वर्तमानकाळ मी घडाघडा म्हणते : आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान (अनुक्रमे मी, तू, तो-ती, आम्ही, तुम्ही, ते-त्या). पण व्हिडिओ कॉलवर मुलीच्या शेजारणीने काही विचारलं की यातलं एकही रूप वेळेवर तोंडात येत नाही. पाठांतर सोडून द्यावं का? आणि ही सहाही रूपं खरंच लागतात का? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : पाठांतर सोडू नका, फक्त त्याचा क्रम मोडा. शाळेत आपण संस्कृतचे धातू असेच चालवले, त्यामुळे वरून खाली म्हणत जायची सवय आपल्याला आहेच. पण त्या क्रमाने जगात कुणी बोलत नाही. शेजारीण काय विचारणार? ‘उस्तेद आब्ला एस्पान्योल?’ तुम्ही स्पॅनिश बोलता का? त्यावर तुम्ही म्हणायचं, ‘सी, आब्लो उन पोको.’ हो, बोलते थोडं. प्रश्नात आब्ला, उत्तरात आब्लो. तुमच्या तक्त्यात या दोघांच्या मध्ये ‘आब्लास’ बसलं आहे आणि तुमची जीभ तिथेच अडते आहे.

पुण्यातल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात मी दोघादोघांना समोरासमोर बसवते. एकाने नुसतं रूप म्हणायचं, दुसऱ्याने लगेच त्याचं उत्तर द्यायचं. आब्ला? आब्लो. आब्लास? आब्लो. आब्लान? आब्लामोस. मग त्यात वाक्य भरायचं : ‘एन कासा आब्लान माराती?’ घरी मराठी बोलता का? ‘सी, आब्लामोस माराती.’ तुम्ही मुलीबरोबर रोज फोनवर पाच मिनिटं एवढंच करा. विचारणारी ती आणि उत्तर देणाऱ्या तुम्ही, असंच असू द्या.

‘उस्तेद’ म्हणजे आदरार्थी तुम्ही, तरी त्याला ‘तो-ती’चं रूप का लागतं, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. हा शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’ या जुन्या आदराच्या संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे. ‘सरकार काय म्हणतात?’ असं आपण समोरच्यालाच विचारावं, तशी ती रचना. तुमच्या वयाला मान देऊन शेजारीण बहुधा उस्तेदच म्हणेल. नात मात्र तुम्हाला ‘आब्लास’ म्हणू शकते, ते लाडाचं आहे.

दुसरं असं की प्रत्येक वाक्याला ‘यो’ लावू नका. ‘बोलते थोडं थोडं’ म्हणताना आपण तरी कुठे ‘मी’ लावतो? कोण बोलतंय ते क्रियापदाच्या शेवटावरूनच कळतं. बोलतो-बोलते हा भेदही इथे नाही, बाई असो की पुरुष, आब्लोच. मराठी माणसाने स्पॅनिश इंग्रजीतून शिकू नये असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या भाषेत जे आधीच आहे ते इंग्रजीच्या वाटेवर हरवून जातं. ‘उद्या बोलते तिच्याशी’ या वाक्यात आपण भविष्यासाठी सहज वर्तमानकाळ वापरतो. स्पॅनिशमध्येही तसंच : ‘मान्याना आब्लो कोन एय्या.’ भूतकाळातल्या ज्या दोन रूपांना विद्यार्थी घाबरतात, तीही आपल्याकडे आहेत. ‘आजी कोकणी बोलायची’ : आब्लाबा. ‘काल आजी कोकणी बोलली’ : आब्लो. ‘आयची’ आणि ‘ली’ यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवला नव्हता, तो कानाला कळतो. त्या कानावर भरवसा ठेवा.

आता हे शेवटचं ‘आब्लो’ पाहून तुम्ही थबकला असाल. मी बोलते, तेही आब्लो आणि तो बोलला, तेही आब्लो? अक्षरं तीच, जोर वेगळा. मी बोलते, तेव्हा जोर ‘आ’वर. तो किंवा ती बोलली, तेव्हा जोर ‘लो’वर, आणि लिहिताना त्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ येते. ‘आब्लो कोन एल मेदिको’ हे वाक्य नुसत्या जोरावर ‘मी डॉक्टरांशी बोलते’चं ‘ती डॉक्टरांशी बोलली’ होतं. म्हणून पाठ करताना गुणगुणू नका, मोठ्याने म्हणा आणि जोराच्या जागी टेबलावर बोट आपटा. ही जोडीही करून ठेवा : ‘आब्लो कोन सु इखा?’ (जोर लोवर) मुलीशी बोललात का? ‘सी, आब्ले आयेर.’ हो, काल बोलले. ‘आब्ले’चा जोरही शेवटावरच.

एका ठिकाणी मात्र मराठी पाय ओढते. ‘ती बोलली की उद्या येते’ असं आपण सर्रास म्हणतो, आणि मग विद्यार्थी ‘आब्लो के’ करून मोकळे होतात. तिथे आब्लार चालत नाही, ‘दिखो के’ लागतं, म्हणजे ‘देसीर’ हे सांगण्या-म्हणण्याचं वेगळं क्रियापद. मराठीत ‘म्हणाली’ किंवा ‘सांगितलं’ बसत असेल तिथे आब्लार वापरू नका. आब्लारच्या पुढे ‘कोन’ आलं की ‘च्याशी’, ‘दे’ आलं की ‘बद्दल’, आणि भाषेचं नाव मध्ये काही न घालता थेट.

सहा रूपांचं म्हणाल, तर ‘आब्लाइस’ बाजूला ठेवा. ते स्पेनमधलं, ‘वोसोत्रोस’चं. मेक्सिकोत चारचौघांना उद्देशून ‘उस्तेदेस आब्लान’ म्हणतात, मग ती माणसं जवळची असोत की परकी. उरली पाच. तेच शेवट त्राबाखार (काम करणे), कोसिनार (स्वयंपाक करणे), कोम्प्रार (विकत घेणे), कामिनार (चालणे) या सगळ्यांना लागतात. ‘आर’वाली क्रियापदं स्पॅनिशमध्ये सगळ्यांत जास्त. नवी येतात तीही बहुतेक याच घरात, चॅट करण्याचं ‘चातेआर’सुद्धा. भविष्यकाळाचा तक्ता तूर्त उघडू नका, ‘बोय आ आब्लार’ म्हणजे ‘बोलणार आहे’, एवढ्यावर तुमची सगळी सुट्टी निभेल.

आणि मुलीच्या घरी फोन वाजलाच, तर तिकडे उचलताना ‘बुएनो?’ म्हणतात. पलीकडून ‘कोन किएन आब्लो?’ असं आलं, शब्दशः ‘मी कुणाशी बोलतेय?’, म्हणजे आपलं ‘कोण बोलतंय?’, तर इथे जोडी उलटी फिरते. उत्तरात आब्लो नाही, ‘आब्ला’ आणि पुढे तुमचं नाव, अगदी आपण फोनवर ‘अमुक बोलतेय’ म्हणतो तसं.